माजी होण्याच्या आधी

सुशीलचा फोन शुक्रवारी यायचा. ओमानात त्याला शुक्रवारची सुट्टी, म्हणून पेणच्या खारपाटातल्या त्या घरात शुक्रवारची जेवणं लवकर उरकली जायची. मग सासरे गुणाजी, सासू धोंडुबाई, नूतन आणि तिची सात वर्षांची भूमिका असे चौघे ओटीवर फोनभोवती बसायचे. फोन नूतनचा, पण तो ठेवला जायचा मधोमध पाटावर, स्पीकर चालू करून. सुशील सोहारच्या कंपनीत लागला त्याच आठवड्यात धोंडुबाईने हा कायदा केला होता. "माझा पोर बोलतो, तं सगल्यांना ऐकू आला पायजे," ती म्हणाली, आणि तिच्या म्हणण्यावर अपील नसायचं.

गेली चार वर्षं नवरा-बायकोत जे काही बोलणं झालं ते असं पाटावर झालं होतं. कधी शेजारची शकू विरजण मागायला यायची, तीही बसून घ्यायची आणि "काय सुशीलभाऊ, गरमी किती?" विचारायची. नूतनला नवऱ्याशी भांडायचं असतं, तर आधी गावकी जमवावी लागली असती. मेसेज करायची सोय होती म्हणा. पण सुशीलला टाइप करायचा भारी कंटाळा. नूतनने चार ओळी लिहिल्या की तिकडून एक अंगठा यायचा. भूमिकेला ताप आला तरी अंगठा, उतरला तरी अंगठा. पुढेपुढे तिनेही लिहिणं सोडून दिलं.

त्या शुक्रवारी भूमिकेने चित्र दाखवून झालं, गुणाजीने पायाच्या सुजेची हकीकत सांगून झाली, आणि सुशील म्हणाला, "नूतन, रोह्याच्या बँकेत एकदा जाऊन ये. आपलं खातं बदलायचं हाय."

खातं रोह्याला होतं, कारण सुशील आधी धाटावच्या एका कंपनीत कामाला होता आणि पगार तिथल्या बँकेत जमा व्हायचा. लग्न झाल्यावर त्याने हौसेने नूतनचं नाव जोडलं होतं. ओमानातून येणारा पैसाही त्याच खात्यात पडायचा. घरखर्च, शाळा, औषधं, सगळं नूतन तिच्या कार्डावर काढायची.

"बाहेर राहणाऱ्याला साधं खातं ठेवता येत नाय," सुशील सांगत होता. "इतकी वर्षं कोणी विचारलं नाय, आता विचारलं. एनआरओ, म्हणजे परदेशवाल्यांचं खातं, करून घ्यायचं. आणि जॉइंट नाव हाय ते 'फॉर्मर ऑर सर्व्हायवर' होईल. फॉर्म मी इकडून पाठवलाय. तुझी सही लागते. सही करून ये, बस."

"फार्मर?" गुणाजीने कान टवकारले. उभा जन्म मिठागरात आणि खारजमिनीच्या भातात काढलेला माणूस. "ह्यो बरा केलास. आपन शेतकरीच!"

"बाबा, फार्मर नाय, फॉर्मर..." सुशील म्हणेपर्यंत नेट गेलं. ते नेहमीच जायचं. संध्याकाळपर्यंत गुणाजीने नाक्यावरच्या चहावाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं की पोराने परदेशात राहून शेतकऱ्याचं खातं काढलं, जमिनीला विसरला नाही. कोणीच त्याची चूक काढली नाही. म्हातारा खूश होता तर बिघडत काय होतं.

बिघडलं ते नूतनचं. तिने बरोबर ऐकलं होतं. फॉर्मर. बारावीपर्यंत शिकलेली बाई, शब्द ओळखीचा वाटला पण हाताला लागेना. भांडी घासून झाल्यावर तिने फोनवर अर्थ शोधला. 'माजी. पूर्वीचा.' मग तिने दुसरा शब्द शोधला. 'वाचलेला. मागे उरलेला.' तिने दोन्ही एकाला एक जोडून पाहिले. माजी किंवा मागे उरलेली. म्हणजे एक तर सोडलेली नाहीतर विधवा. या दोन्हींपैकी काहीतरी झाल्याशिवाय तिला त्या पैशाला हात लावता येणार नव्हता, आणि त्यावर तिनेच सही करून द्यायची होती.

एखादी बँक असं काही लिहून घेईल का, हा प्रश्न तिच्या मनात आलाच नाही. बँकेने आजवर तिच्याशी गोड बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. आणि माजी म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं. गावात एकच माजी होता, माजी सरपंच पोपटशेठ. त्याच्या जीपवर अजून पाटी होती, ग्रामसभेत त्याला खुर्ची मिळायची, चहा मिळायचा, पण तो बोलायला उठला की लोक चपला शोधायला लागायचे. आपलं तसंच होणार. नाव राहील, हळदीकुंकवाला बोलावणं येईल, आणि घरात आपलं कोणी ऐकणार नाही.

मनात पाल चुकचुकायला एवढं पुरे होतं. पण ही पाल काही आजची नव्हती. मागच्या महिन्यात सुशीलने लग्नाचा दाखला मागवला होता, तोही मूळ प्रत. "कशाला?" म्हणून तिने पाटावरूनच विचारलं, तर "लागतोय कामाला" एवढंच म्हणाला. लग्नाचा दाखला लग्न झाल्यावर दहा वर्षांनी कुठल्या कामाला लागतो? नूतनच्या माहितीत दोनच कामं होती, आणि त्यातलं एक कोर्टातलं होतं.

आणि पडदा. सुशील बोलायचा तेव्हा त्याच्या मागे नेहमी लोखंडी दुमजली पलंग दिसायचा, त्याला लटकलेले टॉवेल, वरच्या मजल्यावर कोणाचा तरी पाय. तीन आठवड्यांपूर्वी ते सगळं दिसेनासं झालं आणि त्या जागी निळा पडदा आला. पांढऱ्या फुलांचा, खाली झालर. फोन बंद झाल्यावर धोंडुबाई नूतनकडे वळली.

"पडदा बगितलास?" धोंडुबाईने विचारलं.

"व्हय."

"पुरुषमानूस झालरीचा पडदा लावत नाय गो."

दहा वर्षांत सासू-सुनेचं पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीवर एकमत झालं, ते हे असं. पुढच्या शुक्रवारी नूतनने हसत हसत विचारलं, "नवीन पडदा काय?" सुशील म्हणाला, "हां, असाच." आणि रियालचा भाव सांगायला लागला. असाच! पडदा असाच येतो? बाजारात जावं लागतं, माप घ्यावं लागतं, फुलं निवडावी लागतात. सुशीलने जन्मात स्वतःचा शर्ट निवडला नव्हता.

सोमवारी सकाळी तिने सासूला सांगितलं, "मी खांबला जाऊन येते. उद्या तिथूनच रोह्याला बँकेत जाईन." खांब तिचं माहेर. धोंडुबाईने फक्त "भावाला इचारून सही करशील काय?" एवढंच विचारलं. त्यात टोमणा होता की नुसतीच चौकशी, हे नूतनला वडखळपर्यंत मिनिडोअर रिक्षात बसूनही ठरवता आलं नाही. पुढे एसटी मिळाली. हायवेचं काम चालूच होतं, गाडी मातीतून, डांबरातून, पुन्हा मातीतून गेली, आणि ती खिडकीशी बसून एकच शब्द चघळत राहिली.

तिचा धाकटा भाऊ निकेश धाटावला कंपनीत होता. सेकंड शिफ्टला निघायच्या आधी त्याने सगळं ऐकून घेतलं, दाखला, पडदा, माजी, सगळं. ऐकताऐकता त्याचं तोंड लाल झालं.

"ताई, तू सही करायच्या आधी पैसे काढून घे. सगळे. आत्ता खातं दोघांचं हाय ना? मग तुला कोण अडवतंय?"

"आणि ठेवू कुठे?"

"माझ्या खात्यावर टाक. सेफ राहतील."

तो पटकन बोलला. जरा जास्तच पटकन, असं नूतनला वाटलं. अंगणात त्याची नवी मोटारसायकल उभी होती, हप्त्यावर घेतलेली. ती तिकडे बघत राहिली आणि मग तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. मागच्या पावसात आईच्या घरावरचे पत्रे उडाले तेव्हा रात्रभर ताडपत्री धरून उभा राहिलेला हा पोरगा. पण लाज वाटली तरी संशय जागचा हलला नाही. आता तिला सगळ्यांचाच संशय यायला लागला होता. आईने चहात साखर जास्त घातली, तर हिला काय विचारायचंय, असं मनात आलं.

"बघू उद्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी निकेशने तिला मोटारसायकलवरून कोलाडमार्गे रोह्याला आणलं आणि तो खाली गाडीजवळ थांबला. बँक पहिल्या मजल्यावर होती. नूतनला ज्या टेबलाकडे पाठवलं तिथे दिपिका मॅडम बसल्या होत्या. वयाने नूतनपेक्षा लहान, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी नाव ऐकताच फाइल काढली.

"हां, ओमानवाले. इथे आणि इथे सही करा."

"सही नंतर," नूतन म्हणाली. घरून घोकून आणलेलं वाक्य होतं. "आधी मला पैसे काढायचेत. सगळे."

मॅडमनी चष्मा खाली घेतला. "सगळे? काही अडचण आहे का?"

खरं तर इथे तिने आजारपण, घरबांधणी, काहीही सांगायला हरकत नव्हती. पण चार दिवस छातीत दाबून ठेवलेलं ते नेमकं तिथे, ग्राहकांच्या रांगेपुढे, उसळून वर आलं. "मला माजी करायच्या आधी मला माझे पैसे पाहिजेत," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

"माजी?"

"फॉर्मर. मला माहीत हाय अर्थ. आमच्या बाबांना फार्मर वाटलं, पण मी बारावी झालेय."

दिपिका मॅडमनी एकदा फॉर्मकडे पाहिलं. मग त्यांना एवढं हसू आलं की त्यांनी तोंडावर फाइलच धरली. शेजारच्या खिडकीतला कॅशियर वाकून बघायला लागला. "अहो ताई," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "फॉर्मर म्हणजे इथे 'पहिला'. खात्यावर पहिलं नाव कोणाचं, त्यांचं. ते आहेत तोपर्यंत खातं ते चालवणार, ते नसले तर तुम्ही. बाहेर राहणाऱ्याच्या खात्याला इथल्या माणसाचं नाव जोडलं की असंच करावं लागतं, नियमच आहे. इथे फॉर्मर कोणी असेल तर ते! तुम्ही नाही."

"म्हणजे सोडचिठ्ठीचं काही नाय?"

"बँक सोडचिठ्ठी देत नाही हो."

रांगेतला एक म्हातारा खो खो हसला. नूतनचे कान तापले, आणि मग तीही हसली. हसताना डोळ्यांत पाणी आलं ते तिने पदराने टिपलं. हिंमत करून तिने दाखल्याचंही विचारून टाकलं, आणि मॅडम म्हणाल्या, "पासपोर्ट नव्याने काढत असतील. बायकोचं नाव घालायला दाखला मागतात. आमच्याकडेही नव्या पासपोर्टची प्रत द्यायची आहे त्यांना." बस. एवढंच होतं सगळं. तिला सुशीलची कणव आली. तिकडे तो पन्नास डिग्रीत पाइपलाइन तपासत हिंडतोय आणि आपण इकडे त्याला कोर्टात उभं केलं. तिने पेन उचललं.

सही करण्यापूर्वी सहज म्हणून तिने विचारलं, "मग माझं कार्ड चालू राहील ना? घरखर्चाचं काढावं लागतं."

"नाही, तुमचं कार्ड बंद होईल. पहिला खातेदार आहे तोपर्यंत तुम्हाला काढता येणार नाही."

"मग?"

"त्यालाही सोय असते ना. मॅन्डेट. त्यांनी एक पत्र द्यायचं की माझ्या वतीने बायको व्यवहार करेल, की तुमचं सगळं पूर्वीसारखं चालू. बहुतेक सगळे देतातच. मी त्यांना फोनवर दोनदा सांगितलं..." आणि बोलता बोलता त्या थांबल्या.

"काय म्हणाले?"

मॅडमनी फाइल उगाचच सरळ केली. "म्हणाले, ते राहू दे. घरखर्चाचे पैसे वडिलांच्या खात्यावर पाठवीन."

नूतनने पेन टेबलावर ठेवलं. मघाशी हसलेल्या म्हाताऱ्याने मान फिरवली. म्हणजे शब्दाचा अर्थ तिचा चुकला होता, पण झालेलं तेच होतं. भूमिकेच्या वहीला, गॅसला, स्वतःच्या चपलेला, तिला सासऱ्यापुढे हात पसरावा लागणार होता, आणि हे नवऱ्याने दोनदा विचारल्यावर, समजून उमजून ठरवलं होतं. तिला राग आला. असा राग तिला पडद्याचाही आला नव्हता.

"मी जरा फोन करून येते," ती म्हणाली.

जिन्यात कोणी नव्हतं. तिने फोन लावला. मंगळवारी, भर कामाच्या वेळी बायकोचा फोन बघून सुशील घाबरला. "काय गो? काय झालं? बाबा बरे हायत ना?"

"सगळे बरे हायत. मी बँकेत हाय."

"सही केलीस?"

"अरे, मॅन्डेट नको का म्हणालास?"

ती त्याला चारचौघांत 'अहो' म्हणायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी, दोघंच असताना, 'अरे' म्हणायची. तो 'अरे' इतक्या वर्षांनी तोंडातून निघाला आणि दोघंही दचकले. तिकडून मशीनची घरघर येत होती.

"स्पीकरवर हाय काय?" त्याने विचारलं.

"नाय. एकटीच हाय. जिन्यात."

"मला मेसेज येतात," तो हळूच म्हणाला. "इकडे सिम चालू ठेवलंय ना, बँकेचे मेसेज येतात. एकेक पैसा निघाला की कळतं. किराणा, शाळा, एसटी. रूममध्ये बसून तेच वाचत असतो मी. निकेशला दर महिन्याला पैसे जातात. मार्चमध्ये मोठी रक्कम गेली. तू कधी बोलली नाहीस."

"दर महिन्याचे बाबांच्या औषधाचे. निकेश रोह्याहून आणतो, पेणपेक्षा स्वस्त पडतं. डबा उघडून बघायला सांग त्यांना." तिने श्वास घेतला. "मार्चचे नाय. ते आईच्या पत्र्यांचे. ते मी दिले, आणि तुला सांगितलं नाय."

"का नाय?"

"कुठे सांगू? पाटावर? शकू विरजण घेऊन बसलेली असताना?"

"मेसेज करायचास."

"तू अंगठा दाखवतोस."

त्याला बोलू न देता ती म्हणाली, "तू तरी विचारायचंस."

"सगळे बसलेले असतात. कसं विचारू?"

हे मात्र खरं होतं, आणि ते दोघांनाही एकदमच पटलं. जिन्यातल्या कोंदट हवेत नूतनचा राग थोडा खाली आला. तिने पडद्याचंही विचारलं. "कसला पडदा?" म्हणून तो आधी गोंधळला, मग म्हणाला, बाजूच्या केरळवाल्याचं कुटुंब कायमचं परत गेलं, जाताना सामान वाटून गेलं, कुकर एकाला, इस्त्री एकाला, याच्या वाट्याला पडदा आला. नाइट शिफ्ट करून आल्यावर खिडकीतलं ऊन डोळ्यांवर येतं. नूतनला ते खरं वाटलं. खोटं असतं तर त्याने याहून चांगलं काहीतरी रचलं असतं.

"पण एवढ्यावरून तू माझं कार्ड बंद करायला निघालास?" ती म्हणाली. "मेसेज तर चार वर्षं येतात."

"एवढ्यावरून नाय... आई पण म्हणाली होती. की तू सगळं माहेरी भरतेस, माझ्याकडे काय उरणार नाय म्हणून."

"कधी म्हणाली? मी तर शुक्रवारी शेजारीच बसलेली असते."

सुशीलच्या लक्षात आलं की आपण घसरलो. पण शब्द गेला होता. "शुक्रवारी नाय," तो म्हणाला. "आई करते मधून मधून फोन. बाबांच्या फोनवरून. मंगळवारी वगैरे."

नूतन जिन्याच्या कठड्याला टेकली. मंगळवारी संध्याकाळी धोंडुबाई गुणाजीचा फोन घेऊन देवळात जायची. आरती रेकॉर्ड करायला, असं ती सांगायची, आणि नूतन तिला चार्जिंग करून द्यायची. स्वतःच्या हाताने.

"किती वर्षं?"

"नूतन, आई हाय ती. एकटी बोलावंसं वाटतं तिला."

"आणि मला?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. स्पीकरचा कायदा बाकी सगळ्यांना लागू होता, कायदा करणारी सोडून. चार वर्षं ही बाई पाटाशी बसून "सगल्यांना ऐकू आला पायजे" म्हणत होती आणि मंगळवारी देवळाच्या मागे उभी राहून सुनेची चुगली करत होती. आणि हा ऐकत होता. एकदाही म्हणाला नाही की नूतनला विचारतो. कुठलीशी परकी बाई असती तर नूतनला रडता तरी आलं असतं. सासूचा मत्सर करायचा म्हणजे कोणाला सांगायचीही सोय नाही.

"पत्र देतो मी," सुशील घाईघाईने म्हणाला. "मॅन्डेटचं. आजच मेल करतो. झालं? राग सोड. सही करून घरी जा."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ती आत आली तेव्हा दिपिका मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. नूतन तो सगळा प्यायली. "पत्र देतो म्हणालेत."

"छान! मग तुमचं कामच झालं."

"मॅडम, एक विचारू? ते पत्र त्यांना मागे घेता येतं?"

"येतं. खातं त्यांचं आहे."

"कधीही?"

"कधीही."

"आणि तेव्हा मला विचारावं लागतं?"

मॅडमनी नकारार्थी मान हलवली. त्यांना आता हसू येत नव्हतं. नूतनला दिसत होतं पुढचं. कुठल्यातरी मंगळवारी फोन जाईल, कुठलीतरी नवी गोष्ट कानात पडेल, आणि एका सकाळी किराणावाल्याकडे कार्ड चालणार नाही. सुशील वाईट नव्हता. पण तो लांब होता, आणि लांबच्या माणसाला शेवटी कोण बोललं तेच खरं वाटतं.

तिने पिशवीतून आधार कार्ड आणि पॅन कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "मला एक खातं उघडायचं हाय. माझ्या एकटीच्या नावाचं."

"जॉइंट कोणी? भाऊ आलेत ना खाली?"

"कोणी नको."

"बरं. आणि त्यात...?"

"आत्ता जे आहेत त्यातले अर्धे. सगळे नकोत. अर्धे." भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितल्यासारखं करून तिने स्वतःला सावरलं. "आणि त्यांच्या फॉर्मवर सही करते मी. पत्र आल्यावर. त्याआधी नाय."

मॅडमनी कार्डं जवळ ओढली. कॉम्प्युटरवर बोटं चालू झाली. सह्या झाल्या, फोटो चिकटवला, मधे एकदा निकेश जिना चढून आला आणि "ताई, झालं काय?" विचारून तिच्या तोंडाकडे बघून परत खाली गेला. तिला त्याच्यावर मघाशी घेतलेल्या संशयाचं वाईट वाटलं. त्याला हॉटेलात काहीतरी खायला घालायचं तिने ठरवलं, आणि पैसे त्याच्या खात्यावर मात्र टाकायचे नाहीत, हेही.

"झाले ट्रान्सफर," दिपिका मॅडम म्हणाल्या.

नूतनने फोन हातात घेतला आणि तो वाजायची वाट पाहत बसली. फार वेळ लागला नाही. सोहारला मेसेज पोचला असणार, कारण त्याचं नाव पडद्यावर आलं ते लगेचच. तिने जिन्यात न जाता तिथेच, टेबलाशी बसून फोन उचलला.

"नूतन! खात्यातून पैसे गेले! आत्ता मेसेज आला, अर्धे..."

"व्हय. मीच काढले."

"काढले म्हणजे? कुठे टाकलेस? निकेशला?"

"माझ्या नावावर. माझं खातं उघडलं आज. त्याचे मेसेज तुला येणार नायत, म्हणून आत्ताच सांगते."

तिकडे मशीनची घरघर चालूच होती. सुशील म्हणाला, "आईला कळलं तर काय म्हणेल?"

"तेच विचारायचं होतं. तू सांगतोस, का मी सांगू?"

"मी सांगतो," तो म्हणाला. "तू काय बोलू नको. मी सांगतो बरोबर."

"सांग मग," नूतन म्हणाली. "आज मंगळवारच हाय. मी पण देवळात येते."